अकरा पैशांचे पाणी

शरणार्थ्यांच्या छावणीसाठी कोणी पावतीपुस्तक घेऊन दारात आला, की सुशिक्षित घरांत हल्ली त्याला पैशांआधी व्याख्यान मिळते. तिथे लाखो लोक आहेत, तुमच्या पाच-पन्नास हजारांनी काय होणार? हे काम सरकारचे, फार तर संयुक्त राष्ट्रांचे. तुम्ही हौशी मंडळी जाऊन नुसती गर्दी कराल आणि शिकलेल्या माणसांच्या पायांत पायांत याल. शिवाय एकदा फुकटचा शिधा सुरू झाला, की ती माणसे तिथून हलायची नाहीत. असे बोलणारा कंजूष असतो असे नाही. बहुधा तो निवृत्त अधिकारी किंवा प्राध्यापक असतो, चार पुस्तके वाचलेला असतो आणि शेवटी शंभर-दोनशे रुपये देतोही. पण त्याचे हे म्हणणे आता इतके अंगवळणी पडले आहे की अग्रलेखांतही ते पुराव्याशिवाय खपते. त्याचा समाचार घ्यायला हवा. तो घेताना पूर्वपक्ष मुद्दाम लंगडा करून मांडण्यात मात्र हशील नाही.

कारण तो लंगडा नाहीच. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे पाच हजार टन औषधे आणि वैद्यकीय सामान तिथे जाऊन पडले. त्यातले जेमतेम तीस टक्के ओळखता येण्यासारखे आणि कामाचे होते. बाकीचे निवडत बसण्यात माणसांचे महिने गेले. बोस्नियाच्या युद्धात, १९९२ ते १९९६ या काळात, सतरा हजार टन निरुपयोगी औषधे जमा झाली आणि ती नष्ट कशी करायची ही नवीच डोकेदुखी होऊन बसली. जागतिक आरोग्य संघटनेला १९९६ साली औषधदानाचे नियम काढावे लागले ते यामुळेच. आपल्याकडे तरी काय वेगळे घडते? भूकंप असो की महापूर, चार दिवसांत गावाच्या वेशीवर विटक्या साड्यांचे आणि एकेकट्या चपलांचे ढीग लागतात. ज्याच्या घरात चिखल आहे, त्यानेच ते उपसायचे.

याहून जड आक्षेप नैतिक आहे. रवांडातल्या वंशसंहारानंतर जुलै १९९४ मध्ये लाखो लोक सीमा ओलांडून झाईरमधल्या गोमा या गावी आले. त्यांच्यात कत्तली करणारेही होते. छावण्यांची सूत्रे त्यांच्याच हाती गेली, धान्यवाटपावर त्यांचाच ताबा बसला आणि जगाच्या दानातून मारेकऱ्यांचे पुन्हा बस्तान बसू लागले. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ची फ्रेंच शाखा त्याच वर्षी याच कारणावरून तिथून बाहेर पडली. म्हणजे मदत करणाऱ्याचा हेतू चांगला होता, एवढ्याने तो सुटत नाही. पूर्वपक्षाचे हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

तरीही त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. हे तपासायला मी उदाहरण घेतो ते त्यालाच सर्वांत सोयीचे वाटेल असे, १९७१ सालचे. पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या शरणार्थ्यांचा आकडा डिसेंबरपर्यंत एक कोटीच्या घरात गेला. एकट्या मे महिन्यात रोज सरासरी एक लाखाहून अधिक माणसे सीमा ओलांडत होती. एवढ्या लोंढ्यापुढे खाजगी वर्गणी म्हणजे दर्यामे खसखस, असे कोणालाही वाटेल. खर्चाचा मुख्य भार केंद्र सरकारने उचलला. पुनर्वसन मंत्रालयाचे कर्नल पी. एन. लुथरा कलकत्त्यात बसून हा गाडा हाकत होते. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था राष्ट्रसंघामार्फत येणाऱ्या मदतीचा समन्वय करत होती. रेल्वे, लष्कर, अन्न महामंडळ यांच्याशिवाय यातले काही झाले नसते, आणि जो हे नाकारील त्याने या विषयावर बोलूच नये.

सामान्य नागरिकाला या खर्चाची ओळख झाली ती टपालातून. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे झाले. वेगळे तिकीट छापायला वेळ नव्हता, म्हणून कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' असे ठसे मारून ते विकायला काढले. दोन मुले, हसरे आईबाप आणि त्यांच्या अंगावर आडवा काळा शिक्का. जुने पत्रव्यवहार जपणाऱ्या घरांतून ते अजून सापडते. पूर्वपक्ष म्हणेल, पाहा, खरा निधी असा जमतो. सक्तीने, सगळ्यांकडून, गाजावाजा न करता. मान्य. फक्त एक तळटीप जोडतो. हे तिकीट ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू होते. शरणार्थी परत गेले त्याला तेव्हा वर्ष उलटून गेले होते. यंत्रणा सुरू व्हायला जसा वेळ घेते, तसा थांबायलाही घेते.

आता स्वेच्छेच्या निधीकडे वळू. त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला प्रयत्न म्हणजे १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेली 'कॉन्सर्ट फॉर बांगला देश'. पंडित रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला गळ घातली. रविशंकरांच्या मनात पंचवीस हजार डॉलरांचा आकडा होता. एका दिवसाच्या दोन खेळांतून जमले २,४३,४१८ डॉलर, आणि ते युनिसेफला दिले गेले. त्या वेळचा दर साडेसात रुपयांचा, म्हणजे सुमारे सव्वाअठरा लाख रुपये. एक कोटी माणसांत वाटले तर दरडोई अठरा पैसे.

अठरा पैसे! पूर्वपक्षाला याहून चांगला आकडा मी शोधूनही देऊ शकलो नसतो. जगातले नावाजलेले गवई-वादक एकत्र आले, हजारो लोकांनी तिकिटे काढली, आणि माणशी हाती आले ते एका घोटभर चहाइतकेही नाही. शिवाय हौशी कारभाराचा नमुना म्हणूनही हे उदाहरण चालेल. कार्यक्रम करण्याआधी धर्मादाय नोंदणीची कागदपत्रे नीट केलेली नव्हती, त्यामुळे पुढे ध्वनिमुद्रिकेचे आणि चित्रपटाचे लक्षावधी डॉलर अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकून पडले. ज्या लेकरांसाठी गाणे झाले ती तोवर शाळेत जाऊ लागली असतील, किंवा नसतीलही.

पण अठरा पैशांत काय येते, हा प्रश्न पूर्वपक्ष कधी विचारत नाही. त्याचे उत्तर त्याच पावसाळ्यात, कलकत्त्यापासून सत्तरेक किलोमीटरवर, जेसोर रोडवरच्या बनगावला मिळत होते.

बनगाव हे सीमेवरचे गाव. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि छावण्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. पटकीचा रोगी जंतूने मरत नाही, अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्याने मरतो. गेलेले पाणी वेळेत भरून काढले तर तो उठून बसतो. त्या वेळचा मान्य उपाय एकच, शिरेतून सलाइन. डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय संशोधन केंद्रात काम करत होते; मूळचे बालरोगतज्ज्ञ, लंडनमध्ये शिकून आलेले. २४ जूनला ते बनगावच्या सरकारी रुग्णालयात पोहोचले. दोन खोल्या, सोळा खाटा. जमिनीवर रोग्याला लागून रोगी. सुई लावायची तर त्यांच्या ओकाऱ्यांत आणि जुलाबात गुडघे टेकून बसावे लागे, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. दोन दिवसांत त्यांच्या ध्यानात आले की ही लढाई आपण हरतो आहोत. सलाइनचा साठा संपत आला होता, आणि ते लावता येणारी शिकलेली माणसे होती अवघी दोन.

शास्त्रीय पद्धत, तज्ज्ञ डॉक्टर, सरकारी रुग्णालय, पूर्वपक्षाला हवे ते सगळे तिथे हजर होते. आणि माणसे मरत होती. छावण्यांत पटकी झालेल्यांपैकी शंभरात तिसांच्या आसपास दगावत होते.

महालनबीसांनी केले ते असे. कलकत्त्याच्या आपल्या केंद्रात, ग्रंथालयाच्या खोलीत कारखाना मांडला. बाजारातून ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा आणला. लिटरभर पाण्याला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा, या प्रमाणात वजन करून मिश्रण प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले आणि तापलेल्या इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद केली. बनगावला ते पाण्यात कालवून तोटी बसवलेल्या पिंपांत भरून ठेवले. सलाइन राखून ठेवले ते अगदी टोकाला गेलेल्यांसाठी. बाकीच्यांना पाणी पाजायचे काम कोणाचे? रोग्याच्या आईचे, भावाचे, शेजारच्या चटईवर बसलेल्या कोणाचेही. पेला घ्यायचा, तोटीखाली धरायचा, रोग्याच्या तोंडाशी लावायचा, ओकला तर पुन्हा पाजायचे, आणि तो नको म्हणेपर्यंत थांबायचे नाही. पोटॅशियम हवे म्हणून शहाळ्याचे पाणी, मिळेल तेव्हा. दोन महिन्यांच्या आसपासच्या काळात ३,७०० हून अधिक रोग्यांवर असे उपचार झाले. मृत्यूचे प्रमाण उतरले ३.६ टक्क्यांवर.

एका लिटरचा खर्च अकरा पैसे.

म्हणजे न्यूयॉर्कहून आलेल्या दरडोई अठरा पैशांत छावणीतल्या प्रत्येक माणसाला, रोगी असो की धडधाकट, दीड लिटरहून अधिक पाणी आले असते. रोगी तर त्यातला लहानसाच भाग. ते पैसे प्रत्यक्षात याच कामाला लागले असे मी म्हणत नाही. युनिसेफने ते आपल्या पद्धतीने वापरले. मी एवढेच दाखवतो आहे की 'एवढ्याने काय होणार' हा प्रश्न विचारताना लोक मदतीला भागिले माणसे असा हिशेब करतात आणि तिथेच थांबतात. कशाला किती लागते, हे पाहिल्याशिवाय कुठलीही रक्कम लहान की मोठी ते ठरत नाही.

आता पूर्वपक्ष उसळून म्हणेल, महालनबीस स्वयंसेवक होते कुठे? ते नावाजलेले संशोधक. ग्लुकोज असले की आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हा शोध प्रयोगशाळेतला. तोंडाने पाणी देऊन पटकी आटोक्यात येते, हे १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत सिद्ध झालेले. तुमच्या उदाहरणाने उलट तज्ज्ञांचीच बाजू बळकट होते.

हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण १९५३ साली कलकत्त्यातल्या डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक टिपण छापले होते. तोंडाने दिलेल्या मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर त्यांनी पटकीचे पावणेदोनशेहून अधिक रोगी बरे केले होते. अठरा वर्षे त्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. ढाक्याच्या प्रयोगानंतरही वैद्यकीय जगाची समजूत कायम होती की हा उपचार रुग्णालयात, शिकलेल्या हातांनी, मोजून-मापूनच व्हायला हवा. अडाणी नातेवाइकांच्या हाती दिला तर अनर्थ होईल. तज्ज्ञांना ज्ञान होते. त्यांना विश्वास नव्हता तो न शिकलेल्या हातांवर. बनगावला नवे काय घडले, तर हा अविश्वास नाइलाजाने बाजूला ठेवावा लागला. आणि नाइलाज नसता तर? महालनबीसांचा अहवाल छापला गेला १९७३ साली, त्यांच्याच संस्थेशी संबंधित नियतकालिकात. बड्या नियतकालिकांना तेव्हाही ते पटत नव्हते. 'लॅन्सेट'ने या उपचाराला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले ते १९७८ मध्ये.

पूर्वपक्ष ज्याला सावधगिरी म्हणतो, तीच १९५३ पासून १९७१ पर्यंत माणसांच्या मुळावर आली होती. 'हौशी हात नकोत' हा अनुभवातून निघालेला नियम नाही. तो अनुभव घेण्याआधीच केलेला नियम आहे.

आई पेला धरते म्हणून ती स्वयंसेविका कशी, असेही कोणी विचारील. वाद शब्दाचा नाही. पगार नाही, पदवी नाही, कोणाचा हुकूम नाही आणि तरी ती दुसऱ्याचे करते. पूर्वपक्षाचा आक्षेप असल्याच हातांवर आहे, मग तपासायचे तेही हेच हात. शिवाय १९७१ मध्ये पगाराविना झालेल्या कामाचा खरा आवाका सरकारी आकड्यांतच लपलेला आहे. सुमारे अडुसष्ट लाख शरणार्थी ८२५ छावण्यांत होते. उरलेले एकतीस लाख छावणीत नव्हतेच. ते नातेवाइकांच्या, ओळखीच्यांच्या आणि कधी अनोळखी माणसांच्या ओसरीवर, गोठ्यात, एका चुलीवर दोन घरांचा भात शिजवत राहिले. त्रिपुराची लोकसंख्या तेव्हा पंधरा-साडेपंधरा लाख. तिथे चौदा लाखांवर माणसे आली. या पाहुणचाराची पावती फाटली नाही, कुठल्या अहवालात त्याला रकाना नाही, म्हणून तो खर्चात धरला जात नाही. एक तृतीयांश लोक सांभाळणाऱ्या मदतीला थेंब म्हणायचे असेल तर मग समुद्र केवढा लागतो, ते पूर्वपक्षाने सांगावे.

छावण्यांतही भारत सेवाश्रम संघ, रामकृष्ण मिशन, मारवाडी रिलीफ सोसायटी अशा संस्था पहिल्यापासून होत्या; ऑक्सफॅमसारख्या परदेशी संस्थांनीही इथल्याच संस्थांना हाताशी धरून कामे उभी केली. आणि बोस्निया-आर्मेनियाच्या औषधांच्या ढिगांचे काय? ते ढीग वर्गणी मागणाऱ्या पोरांनी लावले, असे चित्र पूर्वपक्षाच्या डोळ्यांपुढे असते. घरोघर गोळा झालेल्या गोळ्या त्यात होत्याही. पण हजारो टनांचा माल पिशवीतून जात नाही. मुदत संपत आलेला साठा नष्ट करण्याचा खर्च वाचावा म्हणून तो दान केला गेला, असा आरोप तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांतूनच झाला. विटक्या साड्यांचे ढीग मात्र आपले, ते मी नाकारत नाही. तिथे दोष आहे तो न विचारता पाठवण्याचा. जो कार्यकर्ता छावणीत जाऊन चार दिवस राहतो, तो परत येऊन साड्या मागत नाही, तो बादल्या, साबण, चटया, पेले मागतो, किंवा सरळ रोख पैसे मागतो आणि दाराशी त्याला उत्तर मिळते, "पैसे नाही देणार, कपडे हवेत तर घेऊन जा." ढिगाला जबाबदार कोण, हे या संवादावरून ठरवावे.

राहिला तो 'फुकट मिळाले की हलत नाहीत' हा मुद्दा. याचे उत्तर एका परिच्छेदात आटोपते, कारण इतिहासाने ते एका हिवाळ्यात देऊन टाकले आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेची शरणागती झाली. लगेच माणसे निघाली. सरकारी कार्यक्रम १ जानेवारीला सुरू व्हायचा होता, त्याची वाट न पाहता. बैलगाड्या, रिक्षा, रेल्वे, बहुतेक पायी. जानेवारीत रोज दोन लाखांवर लोक सीमेपलीकडे जात होते. २५ मार्च १९७२ रोजी भारत सरकारच्या अंदाजाने उरले होते साठ हजार. नऊ महिने शिधा खाऊन सुस्तावलेली म्हणून ज्यांची चिंता होती, ती एक कोटी माणसे तीन महिन्यांत, जळलेल्या घरांकडे, आपण होऊन परत गेली. मग वर्षानुवर्षे छावण्यांत अडकून पडणारी माणसे कोणती? ज्यांना परतायला देश उरला नाही आणि ज्यांचा निकाल फायलीत अडकला आहे, ती. १९७१ च्या आधीच्या लाटांत आलेल्या बंगाली निर्वासितांना रायपूरजवळच्या माना छावणीत आणि दंडकारण्याच्या योजनेत सरकारनेच ठेवले. त्यांच्यातली काही कुटुंबे आपल्या गडचिरोलीत, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत वसली. आज ती भात पिकवतात, तळ्यांत मासे वाढवतात आणि बाजारात मराठीत भाव करतात. शिध्याची चटक लागलेली माणसे बघायला तिकडे गेलेला गृहस्थ हात हलवत परत येईल.

इथवर झाले ते खंडन. पण स्वयंसेवकांची बाजू मांडायची तर त्यांच्यामुळे नुकसान होत नाही एवढे म्हणून भागणार नाही. यंत्रणेला जे जमत नाही असे काही ते करतात का?

करतात. छावणी उठली की यंत्रणा उठते. स्वयंसेवक शिकलेले बरोबर घेऊन जातो.

१९७१ मध्ये इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेचे उच्च शिक्षण घेणारे डॉ. जफरुल्ला चौधुरी परीक्षा सोडून निघाले. तिथल्या बंगाली डॉक्टरांनी वर्गणी काढली. डॉ. एम. ए. मोबिन यांच्यासह चौधुरींनी त्रिपुरात, आधी मेलाघरला आणि मग विश्रामगंजला, बांबूचे रुग्णालय उभे केले, ४८० खाटांचे. जखमी मुक्तिवाहिनीचे सैनिक आणि आजारी शरणार्थी तिथे येत. परिचारिका नव्हत्या. छावण्यांतल्या मुलींना, ज्यांनी कधी जखम धुतली नव्हती, हाताशी धरून शिकवले. युद्ध संपल्यावर तेच रुग्णालय बांगलादेशात सावार येथे 'गणस्वास्थ्य केंद्र' म्हणून उभे राहिले. १९७५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला: खेड्यातल्या, डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्त्रियांनी केलेल्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया. बांबूच्या मांडवात ज्यांनी हे पाहिले नव्हते, त्यांना ही कल्पना सुचली नसती आणि सुचली असती तरी धीर झाला नसता.

दुसरे फझले हसन आबेद. शेल कंपनीत चितगावला मोठ्या हुद्द्यावर. १९७१ मध्ये नोकरी सोडून लंडनला गेले आणि निधी व जनमत गोळा करण्यात पडले. युद्ध संपताच लंडनमधली आपली सदनिका ६,८०० पौंडांना विकून सिल्हेटकडच्या सुल्ला भागात, परतलेल्या शरणार्थ्यांची घरे बांधायला लागले. 'ब्रॅक'चा जन्म असा झाला. १९८० पासून दहा वर्षे या संस्थेच्या बायका घरोघर गेल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबांतल्या आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण शिकवून आल्या. बनगावचे पाकीटही आता लागत नव्हते.

या मोहिमेतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण 'हौशी म्हणजे बेहिशेबी' या समजाला तोच परस्पर उत्तर देतो. शिकवणाऱ्या बाईचा पगार ठरलेला नसे. ती गेल्यावर काही आठवड्यांनी दुसरा माणूस काही निवडक घरी जाई आणि आईला दहा मुद्दे विचारी. तिला किती आठवले, तिने करून दाखवलेले पाणी बरोबर निघाले का, यावर शिकवणारीचे पैसे ठरत. तरीही सुरुवातीला असे आढळले की आयांना कृती तोंडपाठ आहे, पण मूल आजारी पडले की वापरणाऱ्या फार थोड्या. चौकशी केली तेव्हा कळले, खुद्द संस्थेच्या कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर भरवसा नाही. त्यांना स्वतःला हगवण लागली की ते औषधाच्या दुकानात धावतात. मग आधी कार्यकर्त्यांना आतड्याचे शास्त्र शिकवले, प्रयोगशाळेत नेले, पुरुषांच्या वेगळ्या सभा घेतल्या आणि चित्र पालटले. कुठल्या शासकीय कार्यक्रमाने आपले अपयश इतक्या लवकर शोधून, आपल्याच माणसांच्या माथी मारून, दुरुस्त केल्याचे उदाहरण कोणाला ठाऊक असेल तर मला वाचायला आवडेल. आपल्याकडे अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या एकोणचाळीस गावांत, थोडेफार शिकलेल्या आरोग्यदूत बायकांकरवी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणून दाखवले, १९९९ साली. तेव्हाही पहिला प्रश्न तोच आला होता: इंजेक्शनची सुई गावातल्या बाईच्या हाती द्यायची?

आता गोम्याकडे परत वळतो, कारण पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आधार तोच. मारेकऱ्यांनी मदतीवर कब्जा केला, हे खरे. पण कब्जा केला तो कोणाच्या मदतीवर? ट्रकांच्या ताफ्यांतून येणाऱ्या, याद्यांवरून वाटल्या जाणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या आणि बड्या पगारी संस्थांच्या धान्यावर. याद्या ज्यांच्या हाती, धान्य त्यांच्या हाती. सशस्त्र टोळ्यांना निःशस्त्र करण्याचे काम वर्गणी गोळा करणाऱ्याचे नव्हते. ज्यांचे होते त्या राष्ट्रांनी फौज पाठवायला नकार दिला. तेव्हा गोम्याचा आरोप ठेवायचाच तर ज्याच्यावर यायला हवा त्याच्यावर ठेवावा. यंत्रणेच्या गुन्ह्याची शिक्षा पावतीपुस्तकवाल्याला कशासाठी?

आणि गोम्यात आणखी एक गोष्ट घडली, ती पूर्वपक्षाच्या पुस्तकांत सहसा नसते. तिथेही पटकी आली आणि पहिल्या महिन्यात सुमारे पन्नास हजार माणसे मेली, त्यांत पटकी आणि हगवणीचे बळी सर्वाधिक. हे १९९४ साल. उपचार जगजाहीर होऊन दोन दशके लोटलेली. छावणीत अनेक देशांच्या वैद्यकीय तुकड्या, तंबू, विमानाने आलेले सलाइन. अशा वेळी ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातून, म्हणजे १९६८ च्या त्याच प्रयोगशाळेच्या वारसाकडून, डॉक्टरांची एक तुकडी तिथे गेली. उपचार केंद्रे असूनही माणसे का मेली, यावर त्यांनी १९९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला. त्यांना दिसलेली कारणे साधी होती. पाणी भरून काढण्याचे काम फार सावकाश चालले होते. शिरेतून दिले जाणारे द्रव पुष्कळदा चुकीचे होते. उपचार करणाऱ्यांना पटकीचा अनुभव नव्हता. आणि तोंडाने पाणी पाजण्याचा उपाय हाताशी असून पुरेसा वापरलाच गेला नव्हता.